सोलापुरी चादर घ्यायची तर उलटी बाजू आधी बघा

निकाल आधीच सांगते. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागातल्या एका बोळात एक जुनं घर आहे. मागे कारखाना, पुढच्या खोलीत दुकान. तिथून मी यंदा भाचीच्या आहेरासाठी सुती जकार्ड चादरी, म्हणजे नक्षी छापलेली नसून मागावर विणलेल्या चादरी, घेतल्या, सिंगल आणि डबल दोन्ही मापांत. माल चोख आहे, भाव वाजवी आहे. मालकांना गाजावाजा नको म्हणून नाव लिहीत नाही. पण पूर्व भागात कारखान्याला चिकटून असलेली अशी दुकानं बरीच आहेत, आणि खाली जे सांगते आहे ते त्यातल्या कुठल्याही दुकानात कामाला येईल.

सिंगल चादर मला 650 रुपयांना पडली, डबल 1,350 ला. बाजारात याच्या निम्म्या किमतीत ‘सोलापुरी’ म्हणून चादरी मिळतात. स्टेशनबाहेर मिळतात, हायवेवरच्या धाब्यांशेजारी मिळतात, पुण्या-मुंबईत तर गाड्या भरून येतात. त्यातल्या कित्येक सोलापूरच्या नसतात आणि सुतीही नसतात. मग फरक कसा ओळखायचा? दुकानात बसलेल्या बाईंनीच मला पहिली युक्ती सांगितली: “उलटी करून बघा की अक्का, मागचं तोंड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.”

अस्सल जकार्ड चादरीची नक्षी विणीतच असते. पुढून तांबड्यावर पांढरा मोर असेल, तर मागून पांढऱ्यावर तांबडा मोर दिसतो. दोन रंगांच्या सुताचे थर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या रेषेवर ते आपापली जागा बदलतात. काठावर अक्षरं विणलेली असतील तर ती मागून उलटी दिसतात. छापील चादरीची मागची बाजू फिकट आणि पुसट असते, तिथे मोर नसतो, मोराचा डाग असतो. दुसरी परीक्षा सुताची. कडेचा एक धागा मागून घ्या आणि घराबाहेर काडीने जाळा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी बनते. या दुकानात धागा मागितला तर कुणी तोंड वाकडं करत नाही, कात्री स्वतःहून पुढे करतात. हे मला फार आवडलं.

तिसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर जोरात घासा. माझ्या चादरींपैकी निळी पास झाली. तांबडीने रुमालाला हलकी गुलाबी छटा दिली, म्हणून ती पहिल्या दोन धुण्यांना वेगळी, गार पाण्यात धुवा असं मी भाचीला बजावून ठेवलं आहे. रंगाची ही गोष्ट किरकोळ नाही. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवायला बसला होता, कारण साम्राज्याच्या फौजा आणि कारभारी उष्ण मुलखांत तापाने मरत होते. क्विनीन झालं नाही. हाताला लागला तो जांभळा रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. 1897 मध्ये जर्मन कारखान्याने बनवलेली नीळ बाजारात आली आणि इथल्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. गांधीजी 1917 ला चंपारणला गेले ते त्याच निळीच्या शेतकऱ्यांसाठी. आपण अंगावर ओढतो त्या निळ्या रंगामागे हिवताप, रसायनशास्त्र आणि शेतकऱ्याचं कर्ज हे तिन्ही आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. चादरी बांधून होईपर्यंत मी मालकांना विचारलं, माग बघू का? अण्णा म्हणाले, “या की, पण कान सांभाळा.” मागच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू होते. प्रत्येक मागाच्या डोक्यावर जकार्डचा सांगाडा, आणि त्यावरून खाली लोंबणारी, एकमेकींना दोऱ्याने शिवलेली, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. मी तिथेच थबकले. तरुणपणी मुंबईला एका विमा कार्यालयात मी पंच ऑपरेटर होते. दिवसभर कार्डांना भोकं पाडणं हीच माझी नोकरी. आमचं कार्ड 80 रकान्यांचं. पॉलिसीचा नंबर, हप्ता, जन्मसाल, सगळं भोकांत. एक मुलगी पंच करायची आणि दुसरी तेच आकडे पुन्हा दाबून तपासायची, तिला व्हेरिफायर म्हणत. आमच्या खोलीत बहुतेक सगळ्या मुलीच होत्या. त्या कार्डांचं मूळ मागावर आहे हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण ज्या गावात संसार केला त्या गावात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर, ते मूळ अजून खडखडतं आहे हे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

अण्णांनी एक माग थांबवून मला नीट दाखवलं. प्रत्येक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या सुताची, एक फेरी. कार्डाला भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला आकडा (हूक) जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला उचलते आणि त्याच्याखालचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथे कार्ड सुईला मागे रेटतं, आकडा पट्टीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधून आडवं सूत घेऊन धोटा पलीकडे जातो, फणी सूत ठोकते, पुढचं कार्ड येतं. आहे किंवा नाही, एवढीच भाषा. आमच्या खोलीतही तीच भाषा होती.

ही युक्ती फ्रान्समधल्या लिओं शहरात जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमारास पक्की केली. तो एकटा नव्हता. बाझिल बूशोंने 1725 मध्ये भोकांचा कागद वापरला होता, फाल्कोंने थोड्याच वर्षांत कार्डं आणली, वोकांसोंने त्यात भर घातली. त्याआधी नक्षीचं रेशीम विणायला विणकराबरोबर आणखी एक जण लागे, बहुतेकदा पोर. ते दिवसभर मागाच्या दोऱ्या ओढत बसायचं. दरबारी आणि चर्चच्या कपड्यांना नक्षी हवी होती, म्हणून यंत्र सुचलं. यंत्र आलं तसं त्या पोराचं काम गेलं. लिओंच्या विणकरांनी सुरुवातीला या मागाला विरोध केला. तरी 1812 पर्यंत फ्रान्समध्ये असे सुमारे 11,000 माग चालू होते. पुढे 1831 मध्ये तिथले विणकर रस्त्यावर उतरले ते मजुरीच्या दरासाठी. ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू’ ही त्यांची घोषणा होती.

कार्ड मागावर थांबलं नाही. जकार्डचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजकडे होती. गणित करणारं यंत्र बनवायच्या त्याच्या आराखड्यात हुकूम द्यायला हीच कार्डं होती. 1843 मध्ये एडा लव्हलेसने लिहिलं, की जकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. बॅबेजचं ते यंत्र पुरं झालं नाही. कार्डाला पुढचं काम मिळालं ते अमेरिकेत, आणि तेही माणसं मोजायला. तिथल्या 1880 च्या जनगणनेचे आकडे जुळवता जुळवता सात-आठ वर्षं गेली होती, लोकसंख्या तर भराभर वाढत होती. 1890 ला हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी कार्डांवरून मोजणी केली. त्याची कंपनी दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि 1924 मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. त्याच वाटेने ते कार्ड माझ्या टेबलावर आलं. आणि मुलींना टेबलावर बसून मिळणारा पगार घेऊन आलं, हेही मी विसरत नाही. 1960 च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध आंदोलनं केली होती, कलकत्त्यात तर मोठा लढा झाला. आमच्या वरिष्ठ बायका त्या दिवसांबद्दल बोलायच्या. त्यांना यंत्राचा राग नव्हता. आपल्याला न विचारता येणाऱ्या यंत्राची त्यांना भीती होती, आणि ती भीती मला आजही रास्त वाटते.

सोलापूरकडे कार्ड आपोआप आलं नाही. गावाला आधी रेल्वे मिळाली, 1860 साली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून गिरण्या उभ्या राहिल्या. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, 1874 ची. ती 1877 मध्ये चालू झाली तेव्हा दख्खनमध्ये 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ होता. शेत करपलेल्या माणसाला भोंगा वाजला की पोटाला मिळण्याची आशा होती. तेलंगणातून पद्मशाली विणकर घरदार घेऊन इथे आले, माग आणि तेलुगू दोन्ही बरोबर आणलं. त्यांच्या मार्कंडेय महामुनींचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो तेव्हा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारून ज्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, त्या वसाहतीतली माणसंही गिरण्यांत राबली. तो कायदा 1871 चा, रद्द झाला 1952 ला. त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. माणसं मोजायची ती कशासाठी, हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही.

गिरणीने माणसं एकत्र आणली, आणि एकत्र आलेल्या माणसांनी मग आपलं म्हणणं मांडलं. मे 1930 मध्ये इथे मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे. नंतर 1949 ला जुनी मिल मालकांनी बंद ठेवली, सरकारने 1950 च्या जानेवारीत तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मालमत्तेचा हक्क म्हणजे नक्की काय, हा वाद आमच्या गावच्या गिरणीवरून चालला. कायदा शिकणारी मुलं तो निकाल आजही वाचतात. सोलापूरकरांना मात्र तो क्वचित माहीत असतो, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं चादरीच्या परीक्षणात का? कारण किंमत कशाची देतो आहोत ते कळलं पाहिजे. जकार्डच्या आधी नक्षी विणकराच्या आणि त्या पोराच्या हातात होती. कार्ड आलं आणि नक्षी हातापासून सुटी झाली. ती पेटीत घालून दुसऱ्या गावाला पाठवता येऊ लागली, तिची दुसरी प्रत काढता येऊ लागली. यामुळेच संगणकाची वाट उघडली, आणि यामुळेच आमचा मोर कुणालाही उचलता येतो. नकली चादर मोर उचलते. सूत, वीण आणि मजुरी मागे ठेवते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच चोरीवरचं उत्तर म्हणून. मानांकन चांगलंच आहे, पण स्टेशनबाहेरच्या गिऱ्हाइकाला ते माहीत नाही. त्याने निदान चादर उलटी करून बघावी, एवढं तरी मला लोकांपर्यंत पोचवायचं आहे.

अण्णांच्या शेडमध्ये एका मागावर आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड बसवलं आहे. असलं जकार्ड जगात पहिल्यांदा 1983 मध्ये ब्रिटनच्या बोनास कंपनीने दाखवलं. तिथे कार्डं नाहीत, नक्षी पेनड्राइव्हमधून येते. मुलगा संगणकावर बसून नवीन नक्षी काढतो. त्या मागावरची चादर मी हातात घेऊन पाहिली: रेषा अधिक बारीक, पाकळ्या गोल, रंगांची सरमिसळ देखणी. जुन्या कार्डांवरच्या नक्षीला पायऱ्यापायऱ्यांचे काठ असतात. मला जुनीच आवडली, पण नव्या मुलीला नवी आवडेल आणि त्यात काहीच कमी नाही. सूत दोन्हीकडे एकच आहे. मला खटकलं ते वेगळंच. पूर्वी आलेख कागदावर चौकोन रंगवून, मग एकेक भोक पाडून कार्डं तयार करणारे कारागीर होते. त्यांच्यापैकी एकाचंही नाव दुकानात कुठे नाही. अण्णांना मी म्हटलं, चादरीच्या लेबलवर नक्षी कुणाची ते छापा. ते म्हणाले, “अक्का, असं कुणी विचारलंच नव्हतं.” तर विचारा. जो घ्यायला जाईल त्याने विचारा.

सुताबद्दल थोडं. इथे दोन पदरी 20 नंबरचं सूत वापरतात असं सांगितलं. नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. 20 नंबर म्हणजे एका पौंडात 16,800 वार. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. देशात किलो-मीटर येऊन कितीतरी वर्षं झाली, पण सोलापूरचा सूतबाजार अजून लँकेशायरच्या गिरण्यांचं माप बोलतो. चादर जाड हवी असेल तर कमी नंबरचं सूत मागा. माझी सिंगल चादर घरच्या काट्यावर सव्वा किलोच्या आसपास भरली. थंडीत एक पुरते, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला उत्तम. पहिल्या धुण्यात थोडी आटते, तेव्हा माप दोन बोटं मोठंच घ्या.

दुकानात उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. मापाची पट्टी कुठल्याच चादरीला लावलेली नाही, टेप घेऊन स्वतः मोजावं लागतं. दुकानातला प्रकाश पिवळा असल्याने रंग नीट कळत नाही, चादर दारात नेऊन बघा. बिल मागितलं तर देतात, पण मागावं लागतं. आहेराचं पॅकिंग अगदी साधं, प्लास्टिकची पिशवी आणि वर खाकी कागद. डबल मापात फिकट रंग फार कमी होते, हवा तो रंग आठवड्याने मिळाला. हे सगळं सहज सुधारण्यासारखं आहे.

एक उणीव मात्र साधी नाही. शेडमधला आवाज इतका, की विणकर एकमेकांशी खुणांनी बोलतात. कानात बोळे कुणाच्याच नव्हते. हवेत कापसाचे तंतू उडत होते. वर्षानुवर्षं ती धूळ छातीत गेली की श्वासाचा आजार होतो, हे गिरण्यांच्या काळापासून वैद्यकाला माहीत आहे. मी अण्णांजवळ बोलले. मास्क आणि कानाचे बोळे आणून ठेवले होते, कुणी वापरत नाही, असं ते म्हणाले. पण गरम शेडमध्ये बारा तास मास्क कोण लावेल? पंखे, धूळ ओढणारी व्यवस्था, कमी पाळी, हे मालकाचं काम आहे, आणि त्यासाठी चादर 50 रुपयांनी महागली तर गिऱ्हाइकाने ते पैसे द्यावेत असं माझं मत आहे. त्याच घरांतल्या बायका कांड्या भरतात, विड्या वळतात. पूर्व भाग त्यांच्या बोटांवरही उभा आहे. म्हणून या दुकानात मी घासाघीस केली नाही. तुम्हीही करू नका, भाव मुळातच ओढूनताणून लावलेला नाही.

गुण द्यायचे तर मालाला पाचपैकी पाच, बोलण्या-वागण्याला पाच, दुकानाच्या मांडणीला अडीच, आणि शेडला आजच्या स्थितीत दोन. शेड सुधारली की मी इथेच येऊन गुण वाढवीन.

जायचं तर सकाळी 11 च्या सुमारास जा, माग चालू असतात आणि दारातला उजेड चांगला असतो. चारचाकी मुख्य रस्त्यावरच लावा, बोळात वळत नाही. शेड बघायची असेल तर आधी विचारा, पदर-ओढणी घट्ट खोचा, लहान मुलांना पुढच्या खोलीत बसवा, आणि चालू मागाजवळ हात नेऊ नका. कार्डं जवळून बघायची असतील तर थांबलेल्या मागावरची दाखवा म्हणावं, आनंदाने दाखवतात.